घर आणि शाळा : मुलाचें म्हणणें

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांच्या शिक्षणाविषयीं जितकी चर्चा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या विषयाची होत असेल. शाळा कोणती निवडावी, माध्यम कोणतें असावें, शिकवणी लावावी कीं लावूं नये, दहावीनंतर विज्ञान कीं वाणिज्य, या प्रश्नांवर आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत प्रत्येकाचें एक ठाम मत असतें, व पानें वाढून होण्यापूर्वींच तें ऐकावयास मिळतें. या चर्चेंत ज्याचें मत कोणी विचारीत नाहीं असा घरांत एकच प्राणी असतो, व तो म्हणजे स्वतः विद्यार्थी. साधारण हुशार मुलाच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. तो या ना त्या प्रकारें आपली वाट काढतोच. परंतु ज्या मुलाला अक्षरेंच दाद देत नाहींत त्याला हें न विचारणें फार महाग पडतें. त्याविषयीं या महिन्यांत थोडें सविस्तर लिहावयाचा आमचा विचार आहे.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत तीन पिढ्यांचीं पुस्तकें आहेत. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक, वडील अभियंता, काकू महाविद्यालयांत शिकविणाऱ्या, थोरली बहीण शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत चमकलेली. त्यांत हा सहाव्या इयत्तेंतील मुलगा. संध्याकाळीं देवापुढें उभा राहून रामरक्षा आणि अथर्वशीर्ष स्वच्छ उच्चारांत म्हणतो. एकदां ऐकलेली गोष्ट महिन्यानें विचारली तरी क्रम न चुकतां सांगतो. बुद्धिबळांत काकांना घाम फोडतो. परंतु पुस्तक हातीं दिलें कीं त्याचा चेहरा उतरतो. ‘भरत’ वाचावयाचा तेथें ‘मरत’ वाचतो, ‘धन’ आणि ‘घन’ यांत त्याचा नेमका घोटाळा होतो, मधली ओळ गळते, जोडाक्षर आलें कीं अंदाजानें ठोकून देतो. फळ्यावरचा मजकूर निम्मा उतरवून होतो न होतो तोंच फळा पुसला जातो. तोंडी विचारलें तर येतें. लिहावयास सांगितलें तर येत नाहीं. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत ‘निष्काळजी’ हा शेरा, घरीं ‘आळशी’ हें बिरुद, आणि आल्यागेल्यासमोर वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावयास लावून उच्चार सुधारण्याचा आजोबांचा प्रेमळ उपक्रम.

एके दिवशीं हा मुलगा धीर करून म्हणतो, “आजोबा, मला पहिला शब्द लागेपर्यंत बाकीचें वाक्य निसटतें. तुम्ही धडा वाचून दाखवाल का? मग मी उत्तरें सांगतों.”

या बोलण्यांत उद्धटपणा नाहीं कीं आळसहि नाहीं. मुलानें स्वतःच्या अडचणीचें बारकाईनें निरीक्षण केलें आहे, आणि उपायहि सुचविला आहे. मोठ्या वैद्यालाहि रोग्याकडून याहून अधिक नेमकी माहिती मिळत नाहीं. परंतु घराचें उत्तर ठरलेलें असतें : “आपल्या घराण्यांत असें कोणी झालेलें नाहीं. रोज दहा ओळी शुद्धलेखन काढीत जा.” त्यानंतर मुलगा त्या विषयावर पुन्हां बोलत नाहीं. सोमवारीं सकाळीं त्याचें पोट दुखूं लागतें, वह्या घरीं विसरूं लागतात, वर्गांत तो विदूषक बनतो. कारण ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षां ‘वात्रट’ म्हणवून घेणें केव्हांहि कमी लाजिरवाणें. मुलींच्या बाबतींत तर हें पुष्कळदां फार उशिरां उमगतें. त्या दंगा करीत नाहींत, मागच्या बाकावर शांत बसून राहतात, आणि शांत मुलीची तक्रार कोणतीहि शाळा घरीं पाठवीत नाहीं.

वास्तविक हा प्रकार नवा नाहीं. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनीं १८९५ मध्यें ‘शब्दांधत्व’ या विषयावर लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत एक लेख लिहिला. त्यावरून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड या गांवचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांना आपल्या पाहण्यांतील एका मुलासंबंधीं लिहावेंसें वाटलें, व ७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें त्यांनीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाचें नांव पर्सी, वय १४. चलाख, खेळांत तरबेज, समवयस्कांहून कोणत्याहि बाबतींत कमी नसलेला. फक्त वाचतां येत नाहीं. सात वर्षांचा असल्यापासून शाळा व शिकवणी दोन्ही चालू असूनहि एकावयवी शब्दांपलीकडे त्याची मजल जाईना. स्वतःचें नांव लिहितांनाहि त्यानें मधल्या अक्षरांची उलटापालट केली, व ती दाखवून दिल्यावरहि ती त्याच्या पटकन् लक्षांत आली नाहीं. मात्र ७४९ ला ८६७ नें गुणावयास सांगितल्यावर त्यानें तो गुणाकार भराभर आणि बिनचूक केला. त्याला कित्येक वर्षें शिकविणाऱ्या शिक्षकांचें मत असें कीं, सारें शिक्षण तोंडी असतें तर हाच मुलगा शाळेंत पहिला आला असता.

या हकीकतींत आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. डॉक्टरांनीं त्या मुलाला विचारलें, आणि त्यानें सांगितलें कीं, गणित मला आवडतें, त्यांत अडचण पडत नाहीं, पण छापलेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांतून मला कांहींच अर्थ लागत नाहीं. मेंदूचीं छायाचित्रें तेव्हां नव्हतीं, वाचनाच्या प्रमाणित चाचण्या नव्हत्या. मुलाचें म्हणणें होतें, आणि त्यावर विश्वास ठेवणारा एक मोठा माणूस होता. एका विद्याशाखेच्या आरंभीं चौदा वर्षांच्या मुलाचें हें निवेदन उभें आहे.

पुढें शंभर वर्षांत पुष्कळ संशोधन झालें. डोळ्यांचा दोष ही कल्पना मागें पडली. बोललेल्या ध्वनीचे बारीक तुकडे मनांत वेगळे करून ते लिखित चिन्हांशीं झटपट जुळविण्याच्या मेंदूच्या कामांत ही अडचण असते, आणि बुद्धीच्या मानाशीं तिचा संबंध नसतो, असें आतां मानलें जातें. तिला डिस्लेक्सिया म्हणतात; लेखनांत तशीच अडचण असली कीं डिसग्राफिया, अंकगणितांत असली कीं डिसकॅल्क्युलिया; आणि या सर्वांना मिळून मराठींत ‘अध्ययन-अक्षमता’ हा शब्द रूढ झाला आहे. आणखी एक गोष्ट निश्चित झाली आहे, ती म्हणजे ही अडचण पुष्कळ वेळां घराण्यांतून चालत येते. तेव्हां ‘आपल्या घराण्यांत असें कोणी झालेलें नाहीं’ हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं जरा मागें वळून पाहावें. शाळेंत ज्यांचें कधीं लक्ष लागलें नाहीं, पण पुढें ज्यांनीं कारखाना नांवारूपास आणला, आणि पत्रें मात्र नेहमीं पत्नीकडून लिहवून घेतलीं, असे एखादे चुलतआजोबा बहुतेक घराण्यांतून निघतात.

आपल्या लिपीसंबंधीं एक समजूत येथें आड येते. देवनागरी शास्त्रशुद्ध आहे, जसा उच्चार तसें लेखन, तेव्हां ही इंग्रजी शिकणाऱ्यांची व्याधि, मराठी मुलाला ती कशी होईल, असें पुष्कळांस वाटतें. इंग्रजीच्या मानानें आपल्या लिपींतून अक्षराचा ध्वनि पुष्कळच सरळ लागतो, हें खरें. परंतु शिकणाऱ्या लहान मुलाच्या जागीं बसून एकदां पाहावें. ‘कि’ म्हणतांना क आधीं आणि इ मागून. लिहितांना वेलांटीची काठी आधीं आणि क मागून. ‘र’ हें एकच व्यंजन ‘सूर्य’ मध्यें डोक्यावर बसतें, ‘चक्र’ मध्यें पायाशीं तिरपें होतें, ‘राष्ट्र’ मध्यें काकपदासारखें खालीं लटकतें आणि ‘दुसऱ्या’ मध्यें आणखी चौथेंच रूप घेतें. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व यांत जेमतेम एका गांठीचा किंवा रेघेचा फरक. ‘ख’ हातानें जरा सैल लिहिला कीं ‘रव’ होतो. त्यावर शिरोरेषेनें सगळी अक्षरें एका दोरींत ओंवलेलीं. ज्याला हें सहज साधतें त्याला यांतलें कांहींच जाणवत नाहीं. ज्याला साधत नाहीं त्याला पहिल्या ओळींत दहा ठिकाणीं थांबावें लागतें.

आणि शुद्धलेखन तरी काय अपौरुषेय आहे? ज्या अनुच्चारित अनुस्वारांसाठीं आपल्या आजोबापणजोबांनीं हातावर छड्या घेतल्या, त्यांतील बहुतेक १९६२ च्या नियमांनीं एका फटक्यांत रजा घेतली. (या सदराच्या पानावर ते अजून भेटतात, हा आमच्या जुन्या वळणाचा हट्ट.) काल जें न लिहिल्याबद्दल मूल अडाणी ठरत होतें, तें लिहिल्याबद्दल आज अशुद्ध ठरतें.

आंकड्यांची गोष्टहि अशीच. ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं येतात आणि वीस मागून. लिहितांना दोन आधीं आणि पांच मागून. त्यामुळें ऐकून लिहिणारें मूल ५२ लिहितें व आपण त्याला वेंधळें म्हणतों. ‘एकोणतीस’ ऐकून त्यांतून दोन आणि नऊ काढावयाचे म्हणजे तर एक स्वतंत्र वजाबाकीच. २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत २१ पासून पुढच्या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचण्याची रीत घातली गेली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा हलकल्लोळ उडाला हें वाचकांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. २०२३ मध्यें त्या निवर्तल्या. मुलांना संख्या समजणें सुलभ व्हावें एवढाच हेतु आहे व जुनीं नांवें काढून टाकलेलीं नाहींत, हें त्या परोपरीनें सांगत होत्या. आपल्या घराघरांतून मात्र आडनांवांवर आणि म्हणींवर विनोदांचा पाऊस पडला, आणि तो विधिमंडळापर्यंत पोंचला. भाषेची घडण जपावी हा आक्षेप आम्हांसहि अगदींच निराधार वाटत नाहीं. पण त्या साऱ्या गदारोळांत, दुसरींत बसलेल्या मुलांना ‘तुम्हांला कोणती रीत सोपी जाते रे?’ असें विचारावें, ही गोष्ट विनोद करणाऱ्यांपैकीं किती जणांना सुचली?

आपल्या वर्गाच्या घरांत ही अडचण अधिक बोंचते याचें कारण उघड आहे. शेत नाहीं, दुकान नाहीं. अक्षर हेंच आपलें वतन, अशी पिढ्यान् पिढ्यांची भावना. त्या वतनाचा वारस अक्षराशींच अडखळतो हें मान्य करणें म्हणजे कुळाला बट्टा लावून घेणें, असें वाटतें. परंतु याच कुळांचा इतिहास पाहिला तर दुसरी एक गोष्ट दिसते. वेद कित्येक शतकें कानांनीं शिकले गेले आणि मुखानें सांगितले गेले. लिहिलेल्या पोथीवरून पाठ म्हणणारा उलट कमी प्रतीचा समजला जाई. ज्या कुळांत पदपाठ, क्रमपाठ आणि घनपाठ केवळ श्रवणानें जतन झाले, त्या कुळांतील मुलाला भूगोलाचा धडा कानानें शिकूं दिला तर विद्या बाटेल काय? ‘ढ’ हें अक्षर ब्राह्मी लिपीपासून फारसें बदललें नाहीं, म्हणून जो शिकूनहि बदलत नाहीं तो ‘ढ’, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो. मुलाला शिकविण्याची रीत पिढ्यान् पिढ्या न बदलणाऱ्या वडीलधाऱ्यांना ती मुलापेक्षां अधिक शोभते.

आतां कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत पाहूं. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, व त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती. २०१६ सालीं संसदेनें नवा दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यांत एकवीस प्रकार आहेत, आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता हा त्यांपैकीं एक. अशीं मुलें लवकरांत लवकर ओळखून त्यांच्यासाठीं योग्य ती शिक्षणपद्धति योजावी असें सोळावें कलम सांगतें. परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेपासून सूट हे उपाय सतराव्या कलमांत नांव घेऊन सांगितले आहेत. महाराष्ट्र याबाबतींत मागें नव्हता. १९९६ पासूनच येथें या मुलांना परीक्षेच्या सवलती मिळूं लागल्या, आणि त्याच वर्षीं मुंबईंत पालकांच्या पुढाकारानें महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था उभी राहिली.

परंतु याच अधिनियमाच्या चौथ्या कलमाचा एक लहानसा पोटभाग आहे, त्याकडे फारच थोड्यांचें लक्ष गेलें आहे. ज्या ज्या गोष्टींचा दिव्यांग बालकाशीं संबंध येतो त्या सर्वांविषयीं आपलें मत मोकळेपणानें मांडण्याचा त्याला इतरांच्या बरोबरीनें हक्क आहे, आणि तें मांडण्यासाठीं त्याचें वय व अडचण पाहून त्याला लागेल तें साहाय्य द्यावें, असें त्यांत म्हटलें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क-संहितेच्या बाराव्या कलमांत हेंच तत्त्व सर्व मुलांसाठीं आहे, व भारतानें ती संहिता १९९२ मध्यें स्वीकारली. म्हणजे मुलाला विचारणें ही आतां नुसती वडिलांची मर्जी राहिलेली नाहीं.

‘सवलत’ या शब्दाविषयीं मात्र आपल्या वर्गांत एक जुनी अढी आहे. तिचीं कारणें निराळीं, आणि त्यांची चर्चा येथें नको. परंतु त्या अढीचा भुर्दंड या मुलांना पडतो हें सांगितलेंच पाहिजे. ‘आपल्याला कोणाची मेहेरबानी नको, आपण स्वतःच्या बळावर उत्तीर्ण होऊं,’ असें घरांतील कर्ता पुरुष म्हणतो. त्यांत मानीपणा आहे, पण परीक्षेला बसणारा तो नव्हे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्यानें मेहेरबानी घेतली असें कोणी म्हणत नाहीं. जादा वेळानें ज्याला उत्तर येत नाहीं त्याला तें येऊं लागत नाहीं. ज्याला येतें त्याचें तें कागदावर उतरतें, एवढेंच. दुसरी भीति शिक्का बसण्याची : प्रमाणपत्र घेतलें तर पुढें प्रवेशाला अडचण, आणि हळूच पुटपुटली जाणारी गोष्ट म्हणजे पुढें लग्नाला अडचण. ही भीति सर्वस्वी खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं, लोक बोलतात. पण प्रमाणपत्रावांचूनहि या मुलावर एक शिक्का बसलेलाच असतो, आणि तो ‘मठ्ठ’ असा असतो. दोहोंपैकीं कोणता शिक्का अधिक जड, हें त्यालाच विचारावें.

मुलें स्वतः बोलूं लागलीं म्हणजे काय होतें याचीं दोन उदाहरणें देशाच्या सर्वोच्च न्यायालयांतच पाहावयास मिळतात. दोन्ही २०२१ सालचीं आहेत. पहिल्यांत लिहितांना हात आंखडणाऱ्या एका तरुणाला मुलकी सेवेच्या परीक्षेसाठीं लेखनिक नाकारण्यांत आला होता. फेब्रुवारींत न्यायालयानें त्याच्या बाजूनें निर्णय दिला, आणि असें स्पष्ट केलें कीं कोणाला कोणतें साहाय्य द्यावें हें सरसकट ठरवावयाचें नसून त्या त्या व्यक्तीचा विचार करून, तिच्याशीं बोलून ठरवावयाचें आहे. दुसरें उदाहरण मुंबईचें. डिसग्राफिया असलेली एक विद्यार्थिनी १२ सप्टेंबर २०२१ रोजीं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस बसली. नियमाप्रमाणें तिला एक तास अधिक मिळावयाचा; तो मिळाला नाहीं, आणि इतरांबरोबर तिचीहि उत्तरपत्रिका काढून घेण्यांत आली. ती स्वस्थ बसली नाहीं. आधीं मुंबई उच्च न्यायालयांत व तेथून सर्वोच्च न्यायालयांत गेली. २३ नोव्हेंबरला न्यायालयानें तिच्यावर अन्याय झाल्याचें मान्य केलें. लाखों विद्यार्थ्यांची परीक्षा असली तरी एकटीच्या अन्यायाकडे डोळेझांक करतां येणार नाहीं असें बजावलें. पुन्हां परीक्षा घेण्याचा हुकूम दिला नाहीं, पण हा अन्याय कसा दूर करतां येईल याचा विचार परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें एका आठवड्यांत करावा असें सांगितलें. हातीं लागलें तें पूर्ण नव्हे. तरीहि परीक्षागृहांत गेलेला एक तास, त्याबद्दल बोललेंच नसतें तर, कोणाच्याहि लेखीं गेला नसता.

सर्वच मुलांना न्यायालयापर्यंत जावें लागत नाहीं. पुष्कळांची कुचंबणा होते ती मदत मिळण्यापूर्वीं नव्हे, मिळाल्यानंतर. आणि हा भाग पालकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. मदत म्हणून विशेष शिकवणी ठेवली जाते ती नेमकी खेळाच्या नाहींतर चित्रकलेच्या तासाला; म्हणजे ज्या एका तासांत तो मुलगा इतरांच्या बरोबरीचा किंवा वरचढ असतो तोच त्याच्यापासून हिरावला जातो. शिक्षक भर वर्गांत पुकारतात, “सवलतवाले कोण कोण? हात वर करा.” परीक्षेला त्याला जिन्याखालच्या खोलींत एकटें बसविलें जातें. लेखनिक म्हणून खालच्या इयत्तेंतील जो कोणी त्या दिवशीं मोकळा असेल तो पाठविला जातो. त्यानें ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द जन्मांत ऐकलेला नसतो, आणि जादा मिळालेला वेळ त्याला शब्द फोडून सांगण्यांत संपतो. बाहेरून पाहणाऱ्याला सारी व्यवस्था चोख दिसते, मुलगा मात्र दुसऱ्या दिवशीं म्हणतो, “मला नको तुमची सवलत.” घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणतच होतों. त्याला काय नको आहे, तें मात्र कोणी विचारीत नाहीं.

एकाला लेखनिक नको असतो. प्रश्न कोणी वाचून दाखविला तर उत्तर तो स्वतः लिहितो. दुसऱ्याला वर्गांत अवचित उभें करून वाचावयास लावूं नये एवढेंच हवें असतें. तिसरीला फळ्यावरचा मजकूर मैत्रिणीच्या वहींतून घरीं उतरवूं दिला कीं पुरे. कोणाला आपली अडचण मित्रांना सांगून टाकावीशी वाटते, कोणाला ती शिक्षकांपलीकडे जाऊं नये असें वाटतें. बहुतेक वेळां मागणें लहान असतें, आणि शाळेला फारसा खर्चहि नसतो. पण तें दुसऱ्या कोणाला अंदाजानें ओळखतां येत नाहीं.

विचारावयाचें तें कसें, याविषयीं दोन शब्द. सगळें घर जमवून मुलाला मध्यें बसवूं नये; एकत्र कुटुंबांत तो एक न्यायनिवाडाच होतो, आणि आरोपी गप्प बसतो. ज्याच्याशीं त्याचें अधिक जमतें अशा एकानेंच, मग ती आजी असो, काकू असो वा थोरला दादा असो, हिंडतां फिरतां विचारावें. ‘तुला काय येत नाहीं?’ असें विचारूं नये. ‘कोणत्या तासाला बरें वाटतें? कोणत्या तासाची धास्ती वाटते? तेव्हां नेमकें काय होतें?’ असें विचारावें. उत्तर लगेच मिळत नाहीं. आठवड्यानें मिळतें, आणि तेंहि दुसरेंच कांहीं बोलतांना. तोंवर पाहुण्यांसमोर वर्तमानपत्र वाचावयास लावणें बंद ठेवावें. बहिणीच्या शिष्यवृत्तीचा विषयहि त्याच्या पानावर वाढूं नये.

तपासणी करावयाची ती ज्या भाषेंत मूल शिकतें त्या भाषेंतहि व्हावी, असा आग्रह पालकांनीं धरावा. पूर्वीं अशा चाचण्या मुख्यतः इंग्रजींत असत, आणि मराठी शाळेंतील मुलाची त्यांत दुहेरी पंचाईत होई. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू-संशोधन केंद्रानें २०१५ मध्यें हिंदी, मराठी, कानडी व इंग्रजी या भाषांसाठीं ‘डाली’ नांवाचें तपासणीचें साधन तयार करून दिलें आहे. तज्ज्ञांकडे त्याची चौकशी करावी. वर्गशिक्षकांना भेटावयास जातांना मुलाला बरोबर न्यावें, दाराबाहेर बांकावर बसवून ठेवूं नये. आईबापांनीं सर्व सांगून झाल्यावर एक वाक्य त्याला बोलूं द्यावें. तें अडखळत येईल. मध्यें कोणी पुरें करूं नये.

प्रमाणपत्र व बोर्डाकडे जावयाचे अर्ज यांना वेळ लागतो. तेव्हां दहावीच्या दिवाळीपर्यंत थांबून मग धांवपळ करण्यांत अर्थ नाहीं, नववींतच शाळेशीं बोलून ठेवावें. लेखनिक घ्यावयाचा ठरला तर त्याच्याबरोबर निदान चारपांच जुने पेपर घड्याळ लावून सोडविण्याची संवय हवी. सांगणें हीहि एक कला आहे, आकृति सांगून काढवून घेणें तर फारच अवघड. आणि लेखनिक कोण असावा, हें मुलालाच विचारावें. आजोबांच्या मनांत एखाद्या स्नेह्यांचा सुवाच्य अक्षराचा नातू असेल. मुलगा कदाचित् मागच्या गल्लींतील नववीच्या मुलाचें नांव सांगेल, ज्याच्याबरोबर तो रोज संध्याकाळीं बुद्धिबळ खेळतो. आणि त्या मुलाला ‘समांतरभुज चौकोन’ लिहितां येतो कीं नाहीं, याची चौकशी त्यानें आधींच करून ठेवलेली असेल.